दार बाहेर उघडावे म्हणून

मी खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घरांचे नकाशे काढणे, आता निवृत्त. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, म्हणून मला जास्तच काळजी वाटते. तरी डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही, आणि माझ्यामागे काय व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवतो.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. तिच्या हयातीत मुलांनी त्यावर हक्क सांगू नये.

२. ड्रॉइंग बोर्ड आणि पेनांचा संच मुलीला. मुलाला घड्याळ. त्याने नकाशा उलटा धरला तरी त्याला कळत नाही.

३. मेहुण्याला काहीही देऊ नये. त्याच्या बंगल्याचा नकाशा माझा, आणि संडासाची खिडकी जेवणाच्या टेबलावर उघडते हे खरे आहे. पण खिडकी आधी होती, टेबल त्याने नंतर तिकडे नेले. माझ्या निवृत्तीच्या समारंभात माइक हातात घेऊन ते सांगायची काय गरज होती?

४. आता मुख्य गोष्ट. आमच्या बाथरूमचे दार आत उघडते आणि अर्ध्यावर कमोडला अडते. आधी खांदा, मग पोट, मग कमोडच्या कडेने वळून दार लावायचे. पाहुण्यांना मी सांगत आलो की हे मुद्दाम केले आहे, बाहेरून जाणाऱ्याच्या तोंडावर दार आपटू नये म्हणून. साफ खोटे. दार एका ट्रेसिंगवर काढले होते, कमोड दुसऱ्यावर, आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहायचे राहून गेले. याच चुकीवरून हाताखालच्या लोकांना आयुष्यभर झापले. सांगणार कुणाला, कप्पाळ!

गेल्या महिन्यात ही आत घसरून पडली. पाय दाराला टेकलेले. दार ढकलावे तर तिला लागणार, न ढकलावे तर उघडणार कसे? मी दाराच्या फटीला तोंड लावून ओरडलो.

‘अगं, बोल काहीतरी!’

‘बसलेय. टाइल्स बघतेय. एक वाकडी बसवलीय तुमच्या गवंड्याने.’

अर्ध्या तासाने तिने सरकत सरकत पाय काढून घेतले. तेव्हापासून ती आत गेली की मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. ‘आहेस ना?’ विचारतो. ‘जाणार कुठे?’ म्हणते. मी गेलो तर त्या खुर्चीवर कोण बसणार, या एका विचाराने जीव टांगणीला लागला आहे. मुलगा म्हणाला होता, दार फिरवून घेऊ. मी म्हटले, चौकट तुटेल. चौकटीला काही होणार नव्हते. माझी चूक सगळ्यांना दिसली असती, एवढेच. सबब माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत मुलाने ते दार बाहेर उघडेल असे करून घ्यावे. न केल्यास घड्याळ जावयाला.

५. कलम ४ रद्द. हिने कागद वाचला.

‘मेल्यावरच का? लाज वाटते म्हणून?’

मी हो म्हणालो. मला वाटले रागावेल. तिने तिथेच सुताराला फोन लावला आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘अहो, ह्यांच्या हातून एक चूक झालीय, दुरुस्त करायला या.’

जुने दार आज उतरवले. उद्या बाहेर उघडणारे बसेल, तोवर पडदा आहे. हे लिहीत असताना ती आत आहे. ‘आता दारच नाही, उठा की तिथून,’ म्हणते. मी खुर्ची चार हात मागे घेतली आहे. सोमवारपर्यंत त्याहून मागे जाणे मला जमणार नाही.

हे सर्व वाचून, समजून, दोघांसमक्ष सही केली.

साक्षीदार:
१. सुतार (दार ह्यांनीच उतरवले) – सही
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका (शुद्धलेखन तपासले) – सही

ठिकाण: राहते घर
दिनांक: बुधवार, ऑपरेशनच्या आधी पाच दिवस