खोडलेल्या ताराचे प्रत्यागमन

११ नोव्हेंबर, मंगळवार
अस्मादिकांच्या छायाचित्रशाळेत — पेडणे बाजार, जिना चढून डावीकडे — आज चोपडे गावचा अनंत आला. पत्नी तारा निवर्तली. शनिवारी बारावा, आणि भिंतीवर लावायला फोटोच नाही! 'फोटो म्हटलो की ती दाराफाटल्यान लपायची, साहेबानू.' आधारकार्डावरील मुद्रा तर प्रत्यक्ष पतीलाही अपरिचित वाटते.
मग स्मरले. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या सहा महिन्यांच्या लेकीचा, सेजलचा, पासपोर्ट-आकाराचा फोटो मीच काढला होता. मूल बसेना, म्हणून ताराने मांडीवर धरले. आणि मी संगणकावर ताराला सफाईने खोडले! मूळ प्रत केव्हाच गेली. उरली ती खोडलेली फाईल.

१२ नोव्हेंबर
फाईल माझी साहाय्यिका सुविधा हिच्या स्वाधीन केली. बाळाभोवती निव्वळ पारदर्शक शून्यप्रदेश.
'मास्तर, तुमी फक्त पारदर्शक केलां. रंग अजून खाली आसत.'
तिने त्या पारदर्शकतेचा मास्क — चित्रावरचे झाकण — वेगळा काढला. त्यावर काळे ते अदृश्य, पांढरे ते प्रकट. पांढरा ब्रश फिरू लागला — आधी कानातले, मग खांदा, मग बाळाकडे झुकलेला तो चेहरा! केसांची एकेक बट तिने सोडवली. तीन तास. माझी पंचवीस वर्षांची विद्वत्ता स्टुलावर बसून चहा पीत होती.
धन्य ती सुविधा! (मनातच म्हटले. मालकपदास मर्यादा असतात.)

१३ नोव्हेंबर
धर्मसंकट. हार घालायच्या तसबिरीत जिवंत लेकरू कसे चालेल? अनंत फोनवर: 'चेडवाक काढा. अपशकून नको.' सुविधाने दुसरा मास्क लावून सेजलला अदृश्य केले, मांडीवरची साडी जुळवली. निर्दोष कर्म! या खेपेस प्रकट प्रशंसा केली. ती दचकली.

१४ नोव्हेंबर
अनंत सेजलला घेऊन आला. पडद्यावर तारा पाहून त्याने डोळे पुसले. 'तीच!' सेजल मात्र पाहतच राहिली.
'बाबा, आई मांडयेर कोणाक बघता? थंय कोण ना.'
 अस्मादिकांनी — नोंद असावी — सुविधाकडे पाहिले.
सुविधाने कोणालाही न विचारता दुसरा मास्क बंद केला. बाळ मांडीवर परतले. अनंतने होकारार्थी मान हलवली. तसबीर तशीच छापली.

१५ नोव्हेंबर
बाराव्यास चोपड्याला गेलो. तसबिरीत दोघी. हार अनंतने खाली पाटावर ठेवला होता.