श्वास रोखून काढलेले नंबर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. तो दुखावला कशाने, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

इकडे लोकांच्या गुणांनी माझं डोकं उठलं आहे. सत्तावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, पण इतकी उर्मट गिऱ्हाइकं कधी पाहिली नाहीत. नंबर काढायला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवावं, जड चौकट नाकावर चढवावी, भिंग बदलून जवळून विचारावं की हे बरं का आधीचं बरं. तर माणूस तोंड फिरवतो. अक्षरं वाचायची सोडून डोळेच मिटतो. माझा प्रश्न संपायच्या आत दिसतं, दिसतं म्हणत उठतो आणि आठ दिवसांनी चष्मा टेबलावर आपटतो, नंबर चुकला म्हणून. गेल्या महिन्यात अकरा चष्मे परत आले. बस कंपनी तिचे चालक माझ्याकडे तपासणीला पाठवते. तिथल्या साहेबांनी कळवलंय की आणखी एक तक्रार आली तर दुसरा दुकानदार बघू.

घरीही तेच. मी चार शब्द बोलायला लागलो की हिला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. परवा आत जाऊन पाहिलं, तर गॅसवर रिकामं पातेलं.

तू इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस. लोकांना वळण कसं लावायचं ते सांग.

तुझा तरी लोभ राहू दे, बाकीच्यांचा आटलाय.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लोकांना वळण आहे, म्हणूनच ते तोंड फिरवतात. वळण नसतं तर सांगून मोकळे झाले असते. तुझ्या तोंडाला वास येतो. साधासुधा नाही, माणूस खुर्चीतून उठवणारा.

मागच्या भेटीत तू मोठ्या हौसेने माझा नंबर काढलास. पाचव्या ओळीपर्यंत मी तग धरला, मग मीही दिसतं म्हणाले आणि बाहेर पळाले. तो चष्मा घालून जिना उतरताना माझी पायरी चुकली. गुडघ्याचं विचारलंस ना, ते हे असं. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि सख्ख्या भावासमोर थाप मारली. तेवढी चूक माझी. बाकी सगळी तुझी.

तू लवंगा आणि पुदिन्याच्या गोळ्या चघळतोस, ते मला ठाऊक आहे. तुंबलेल्या मोरीत अत्तर ओतून काय होणार? मोरी कुठे तुंबलीय ते बघ. जीभ घासतोस का? दातांच्या फटींतून दोरा फिरवतोस का? ब्रशला रक्त लागलं की तू ब्रश बदलतोस, दातांच्या डॉक्टरकडे जात नाहीस. सकाळच्या चहानंतर दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मग तोंड कोरडं पडणार नाही तर काय? विश्वास बसत नसेल तर मनगटाला जीभ लाव, वाळू दे आणि हुंगून बघ.

लोभ आहे म्हणून लिहिलं. नसता तर मीही गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं असतं.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
न. वि. वि. (साष्टांग या वेळी वगळला आहे.)

मनगट हुंगलं. उजवं आणि डावंही. कसलाही वास नाही. चाळीस वर्षं मी दोन्ही वेळा दात घासतो. तुझी शाळा सुटली, पण हातातली लाल पेन्सिल काही सुटली नाही. माझ्या तोंडाविषयीच लिहायचं असेल तर पुन्हा पत्र पाठवू नकोस.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

तुझा भाऊ

२ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र आल्यावर ह्यांनी चार दिवस तोंड उघडलं नाही. खरं सांगू, घरात इतकी मोकळी हवा बऱ्याच दिवसांत नव्हती.

पाचव्या दिवशी एक बसचालक चष्मा परत घेऊन दुकानात आला. तो चष्मा घालून त्याने बस खांबाला घासली होती. कुणाला लागलं नाही, नशीब. ह्यांनी त्यालाच झापलं, की तपासताना नीट का सांगितलं नाहीस. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मी श्वास रोखून बसलो होतो. तेवढ्या वेळात जे दिसलं ते सांगितलं."

हे भर दुपारी दुकान बंद करून घरी आले. मला समोर बसवून खरं काय ते विचारलं. दोन वर्षं झाली, मी सांगितलं. दोन वर्षं गप्प का बसलीस, म्हणाले. मी म्हटलं, मी उठून जाते ते तुम्हाला दिसलं नाही, मग बोललेलं ऐकू आलं असतं का? त्यावर ते रडले. मी जवळ घेतलं. पण वन्सं, त्याआधी नकळत मान फिरवून श्वास भरून घेतला, आणि ह्यांनी ते पाहिलं. तेवढं माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. हिरड्यांखाली पू झालाय, एक दाढ काढावीच लागेल. मनगटाचं ऐकून त्या हसल्या. आपलं नाक आपल्या वासाला सरावतं, म्हणाल्या. अशा वेळी घरच्यांना विचारावं. मग रक्त तपासायला पाठवलं, तर साखर भलतीच वाढलेली. साखर आणि खराब हिरड्या एकमेकींना बिघडवतात म्हणे. असंच चाललं असतं तर आधी दात गेले असते आणि मग डोळ्यांवर आलं असतं. डोळ्यांवरच ज्याचं पोट, त्याच्या.

तुमचं पत्र ह्यांनी फाडलेलं नाही. आपली माया अशीच तिखट असू द्या.

तुमची भावजय

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग घातलाय. थकबाकीसह.)

दाढ गेली, हिरड्यांची साफसफाई चार खेपांत झाली, साखर उतरतेय. डोळ्यांचा पडदा शाबूत आहे. रोज दोरा, जीभ आणि पाण्याची बाटली. ही शेजारी बसून बोलते. इतकी बोलते की आता गॅसवर पातेलं ठेवायची वेळ माझ्यावर येते. बस कंपनीचे चालक मात्र गेले ते गेलेच. ते मी पदरात घेतलं.

अकराही जणांना बोलावून नंबर पुन्हा काढून दिले. नऊ आले. तुझा राहिलाय, तेव्हा ये.

एक सांगायचं राहिलं. काल एक प्राध्यापक आले. चौकट चढवायला वाकलो आणि वास असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी काय केलं असेल? तोंड फिरवलं आणि घाईघाईने म्हणालो की नंबर बदललेला नाही, या आता. ते दारापर्यंत गेले. मग मलाच माझी लाज वाटली. परत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि विचारलं की तुम्हाला थोरली बहीण आहे का. नाही म्हणाले.

मग मीच सांगितलं.

रागावून गेले आहेत. रागावू देत.

तुझा लोभ सोसण्याइतका मी आता धट्टाकट्टा आहे.

तुझा धाकटा