नातीच्या डिग्रीला पदराशिवाय

तोंड झाकलं तर दंड! नात शिकते त्या युरोपातल्या देशात असा कायदा आहे म्हणे. म्हातारीच्या थोबाडाशी सरकारला काय करायचंय?

आई, मी लिहितेय, तुझी मधली. चौथीतच शाळेतून काढलंस, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

गेल्या वर्षी माझ्या तोंडावरून वारं गेलं. डावा गाल लोंबतो, चहा ओघळतो. तेव्हापासून नाकापर्यंत पदर घेते. इथे दुबईत, अल मनखूलला, लेकाच्या बिल्डिंगखाली भाजीला गेले तर कोणी वळूनही बघत नाही. कितीतरी बायकांचे नुसते डोळे दिसतात. त्यातल्याच एकीने लिफ्टमध्ये मला सलाम केला, मीही ठोकून दिला. गावी असताना अशा बायकांना मी काय काय बोलायची, तू ऐकलंयस. त्या दिवशी लिफ्टमध्ये मान वर होईना.

काल नातीचा व्हिडिओवाला फोन आला. डिग्री मिळणार, तर हॉलमध्ये आजी हवी. मी फोन छताकडे धरूनच बोलत होते. म्हटलं, "येते, पण पदरासकट."

"आजी, यू कान्ट. फेस कव्हर नाही चालत, इट्स द लॉ."

लेक मधे पडला. "डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊ ना आई. आजारपणाला सूट असते. खलास!"

"म्हणजे तोंड वाकडं असल्याचा कागद दाखवत हिंडू? त्यापेक्षा गळ्यात पाटीच बांध."

लेक हसला. नात हसली नाही. एरवी इंग्रजी फाडणारी पोर मराठीत म्हणाली, "आजी, मला तुझं तोंड बघायचंय. वाकडं तर वाकडं."

मी फोन लेकाच्या हातात कोंबला आणि खोलीत आले. तेव्हा तू आठवलीस.

माझ्या लग्नाचा दिवस. तुझ्या गालावरचं कोड ओठापर्यंत उतरलेलं. तू चुलीपुढे पुऱ्या तळतेयस, उघड्या तोंडाने, घामाघूम. बाहेर कोणी ओरडतं, वऱ्हाड आलं, आणि तू पिठाच्या हातांनीच पदर हनुवटीपर्यंत ओढतेस. त्यावर पांढरी बोटं उमटतात. निघताना मी तुझ्या पाया पडले आणि वर बघितलं, तर ती बोटंच दिसली. तू दिसली नाहीस. आईने आपणहून ओढला, मी काही सांगितलं नव्हतं, असं जन्मभर लोकांना ऐकवत आले. सांगितलं नव्हतंच. पण तू पदर ओढलास आणि मला हायसं वाटलं. ते तुला दिसलं होतं.

सर्टिफिकेट नको म्हणून लेकाला सांगून टाकलंय. पण तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, खोलीत कुणी नाही, तरी लिहिताना पदर नाकावरच आहे.

नातीला काय ते मी सांगेन. पण मी त्या दिवशी म्हटलं असतं, आई, नको ओढू पदर, तर तू ठेवला असतास का उघडा चेहरा? याचं उत्तर तूच द्यायचं. अवघड प्रश्न आला की उत्तराला मावशीला पुढे करायचीस, तसं करू नकोस.