एक आडवी रेघ

सोमवार, ४ मार्च

आज कामावर रुजू झाले! ताईने सकाळी माझी वेणी घालायचा हट्टच धरला, जणू मी पहिलीत चालले आहे. अठ्ठावीस वर्षांच्या घोडीची वेणी! पण घालू दिली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता तिची मूत्रपिंडं थकली आहेत, तेव्हा तिचा एकही हट्ट मोडायचा नाही, असं मी आणि भाऊजींनी ठरवून टाकलंय.

या गावात आम्ही आलो तेच मुळी तिच्यासाठी. इथल्या संशोधन केंद्रात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे आणि ताईला त्यात जागा मिळाली. भाऊजींनी बदली मागून घेतली, मला त्याच केंद्रात कारकुनी मिळाली. औषधाला गुण आहे. पंधरवड्यात तिच्या पायांची सूज इतकी उतरली की काल तिने जुन्या चपला घातल्या आणि घरभर मिरवून घेतलं.

केंद्र मोठं आहे. खालच्या मजल्यावर गुडघे, वर हृदय आणि मूत्रपिंडं, त्याच्यावर झोप न येणारे आणि जखमा न भरणारे. प्रत्येक चाचणीच्या फायलीचा रंग वेगळा. कागदावर कोणाचंही नाव नाही, नुसता क्रमांक. नावं डॉक्टरांच्या कुलपात. ताईचा क्रमांक मी विचारला तर तिने कार्ड डब्यात लपवलं. म्हणे नातेवाइकांना सांगायचा नाही, नियम म्हणजे नियम.

माझं काम सोपं आहे. औषध घेऊन गेलेल्यांना फोन करायचा, बरं वाटतंय का विचारायचं आणि उत्तर रजिस्टरमध्ये लिहायचं. नंबर यंत्र लावतं, तोही दर वेळी वेगळ्याच नंबरावरून. आमच्या वरच्या बाईंना सगळे मागून रेघबाई म्हणतात. त्यांचा एकच धडा. खाडाखोड करायची नाही, चूक झालीच तर तिच्यावर एक आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, सही, तारीख. मी म्हटलं, शाळेत असं असतं तर माझी वही रेघांनीच भरली असती. बाई हसल्या नाहीत.

जाता जाता माझंही रक्त घेतलं. आजाऱ्यांशी तुलना करायला निरोगी माणसंही लागतात, त्यात सगळे कर्मचारी असतात, त्यांनाही असेच फोन जातात. माझा क्रमांक ९०२. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, तुला निरोगी कोणी ठरवलं?

गुरुवार, ७ मार्च

आज पहिला लाल शेरा लिहिला. ओळीने तीन दिवस फोन करायचा आणि तिन्ही वेळा उचलला नाही, तर त्या क्रमांकापुढे लाल शाईने ‘संपर्क तुटला’ लिहायचं. गुडघ्यांच्या चाचणीतला २३१ काही उचलेना. अक्षर छान आलं. रेघबाईंनी मान हलवली, म्हणजे शाबासकीच.

मग अहवालात अशा लोकांचं काय होतं, हे विचारलं. ते मोजत नाहीत, असं बाई म्हणाल्या.

शुक्रवार, ८ मार्च

खाली बाकावर एक आजोबा बसले होते, कानटोपी घालून, हातात कार्ड. कार्डावर २३१. मला बरं वाटलं, म्हटलं सापडले एकदाचे. ते खिडकीतल्या बाईंना पुन्हा पुन्हा सांगत होते की फोन बिघडलाय, पण मी आलोय ना. बाई त्यांच्या डोक्यावरून पुढच्या माणसाला हाका मारत होत्या. मी जाऊन सांगितलं. बाईंनी बाकाकडे पाहिलं, बाक रिकामा आहे म्हणाल्या. तेवढ्यात सफाईवाली आली आणि तिने बाक पुसला. आजोबांच्या मांडीवरून फडकं फिरवत पुसला. आजोबांनी पाय उचलून घेतले, सवयीने.

थट्टा असेल. नवीन माणसाची करतात. पण आजोबांच्या तोंडाकडे पाहून तसं वाटलं नाही.

बुधवार, १३ मार्च

आजोबा अजून रोज येतात. आवाज बारीक झालाय. मी तिकडून जायचं टाळते, याची लाज वाटते.

आज ४१७ ला तिसरा फोन केला. सोमवारी नुसती रिंग वाजली, काल वाजली आणि आज तर चक्क कट केला! उचलायला काय जातं या लोकांना? फुकट औषध हवं, दोन शब्द बोलायला नको. रागारागाने लाल शेरा लिहिला, टोक जरा कागदात रुतलंच.

संध्याकाळी ताई खुशीत होती. म्हणाली, तीन दिवस कोणीतरी अनोळखी नंबरांवरून छळतंय, पण मी काही उचलला नाही, आज तर कटच केला, तुझी शिष्या आता पक्की झाली. मीच तिला शिकवलंय ते. मागे एका भामट्याने फोनवर तिला गंडवलं होतं, तेव्हापासून मी घोकून घेतलंय की अनोळखी नंबर उचलायचा नाही, लाल बटण दाबायचं.

मी हसले, शाबास म्हटलं.  

गुरुवार, १४ मार्च

भाऊजींनी दोनच ताटं घेतली.

ताई त्यांच्या मागे उभी होती, ओट्याला टेकून. मी विचारलं, ताईचं ताट? ते भात वाढता वाढता म्हणाले, तिचा काही संपर्क नाही गं हल्ली. दूरच्या चुलतभावाबद्दल बोलावं तसं. आवाजात दुःख नाही, काळजी नाही. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी खांदा खाजवला आणि जेवत राहिले.

ती मला दिसते. ऐकूही येते, शेजारच्या घरातून यावं तसं. विचारत होती, हे असं का करताहेत, माझं काही चुकलं का?

डबा उघडला. कार्ड बघितलं. ४१७.

 मी. माझ्याच अक्षरात.

शुक्रवार, १५ मार्च

केंद्र उघडायच्या आधीच दारात उभी होते. रेघबाईंच्या पाया पडले. त्या शांतपणे चहा पीत होत्या. म्हणाल्या, नवीन असताना दिसतात, ज्याने लिहिलं त्याला. आठवडाभर. मग शाई मुरते.

म्हणजे बाईंना सगळं माहीत आहे. त्यांनी किती लिहिले असतील?

पान फाडू द्या म्हटलं. नाही. शाई ओतू द्या. नाही. चूक झाली असेल तर दुरुस्ती करा, म्हणाल्या, कशी करतात ते शिकवलंय तुम्हाला. मी पट्टी घेतली. ‘संपर्क तुटला’वर एक आडवी रेघ मारली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘चुकून’. सही. तारीख.

घरापर्यंत धावत आले. भाऊजी ताईला विचारत होते, अगं, कधी आलीस? मी दारातच बसून रडले. देवाला, बाईंना, पट्टीला, सगळ्यांना धन्यवाद दिले.

मग ताईने तोंड वळवलं.

शनिवार, १६ मार्च

रेघ आहे. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत, दोन्ही डोळ्यांवरून. पट्टीने मारल्यासारखी सरळ. पुसून पाहिली, साबणाने, तेलाने. ओरखडा नाही, डाग नाही. तिच्या खालून ताई दिसते. वाचता येते.

बरं वाटतंय का विचारलं. म्हणाली, चुकून.

चहा देऊ? चुकून.

भाऊजी म्हणतात, दमली असेल.

सोमवार, १८ मार्च

तिच्या गोळ्या संपल्या. आणायला गेले. ४१७ वर रेघ आहे, रेघ असलेल्याला औषध देता येत नाही, असं खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. पुन्हा दुरुस्ती? एका नोंदीची एकदाच होते. माझ्या खुर्चीवर नवीन मुलगी बसली आहे, दोन वेण्या घातलेली, अक्षर सुंदर. मला आता कामावर यायची गरज नाही, असं रेघबाई म्हणाल्या.

भिंतीवर अहवाल लावलाय. औषधाचा गुण उत्तम. उरलेले सगळे बरे आहेत.

आजोबांचा बाक पाहिला. मला रिकामा दिसला.

ताई बरी होईल. (या ओळीवर एक रेघ. कारण: खोटं आहे. सही. १८ मार्च.)

मंगळवार, १९ मार्च

सूज गुडघ्यांपर्यंत. चपला पायात जात नाहीत, तरी ती घालायला बघते. तशीच बसते, अर्धी टाच बाहेर.

दुपारी अनोळखी नंबर. मी कट केला. हात डोक्याच्या आधी चालतो —

बुधवार, २० मार्च

ताईला अंघोळ घालत होते. फोन वाजला, हात ओले. थांबला. नंबर वेगळा, कालचा नाही.

मग डोक्यात आलं. ९०२.

त्या नंबरांवर उलट फोन लागत नाही. धावत केंद्रात गेले, म्हटलं ही बघा मी, उभी आहे समोर. रेघबाई म्हणाल्या, समोर येणं धरत नाहीत. फोन उचलावा लागतो. उद्या येईल.

मी नसेन तर ताईला कोण — भाऊजींना ती रेघ दिसतसुद्धा नाही —

गुरुवार, २१ मार्च

सकाळपासून फोन मांडीवर. आवाज पूर्ण मोठा. ताई शेजारी. लिहितेय, म्हणजे हात जागा राहील.

दहा वाजले. नाही आला.

अकरा. ताईने माझी वेणी सोडली, पुन्हा घालायला घेतली. बोटं सुजली आहेत, पेड सुटतात. घालू देते.

वाजला —

तिने मांडीवरून ओढून घेतला. माझ्याआधी. लाल बटण. मी हात धरेपर्यंत —

माझ्याकडे बघते आहे. रेघेखालून डोळे हसताहेत, त्या बुधवारी हसत होते तसेच. शाबास म्हणायची वाट बघते आहे. म्हटलं. शाबास, ताई. अजून काय म्हणू तिला.

ती मुलगी आत्ता लाल पेनाचं टोपण काढत असेल.

भाऊजी आले. मी समोरच आहे. हाक मारली. पुन्हा मारली. तीन ताटं काढली होती मी, त्यातलं एक उचलून ठेवताहेत. ताईला सांगताहेत, अगं, धाकटीचा हल्ली काही