इव्हाच्या हाती मसाला

मरोळ, १२ एप्रिल १९८४
माफ कर, डायरी. नाताळापासून तुला हात लावला नाही. आज मात्र लिहायलाच हवं — चंद्रप्रकाश आला होता! घाटकोपरचा तोच व्यापारी, ज्याने माझ्या बॉटल मसाल्यात विटेची भुकटी असते म्हणून बाजारभर सांगितलं होतं. आता धंदा विकत घेतो म्हणतो!

"बाई, प्रत्येक बाटली तुम्ही नाकाने पास करता. तुमचं नाक मी कुठून आणू? आधी तपासणी दुसऱ्याच्या हाती द्या, मग सही."

मी थकलेय. विकायचं आहेच. पण त्याला?

त्यालाच!

१५ एप्रिल
भावजयीला, इव्हाला, शिकवायला घेतलं. तिच्या माहेरी मसाला विकतचा, त्यामुळे पाटी कोरी. रंग, वास, कूट किती बारीक — सगळं सांगितलं. एक सोडून. कुटलेला मसाला पुरता निवल्याशिवाय बाटलीत ठासायचा नाही. ठासला, तर आत घाम धरतो आणि पावसाळ्यात बुरशी. तोवर धंदा चंद्रप्रकाशचा झालेला असेल. मग सांग म्हणावं बाजारभर!

बी.एस्सी. झालेली, दर रविवारी चर्चमध्ये मिसेला जाणारी मी. लाज वाटायला हवी. झोप मात्र झकास लागतेय.

२ मे
चंद्रप्रकाश परत. इव्हाचं काम बघून खूश. "ह्यांनाच ठेवतो. पण माल बिघडला, तर ह्यांचंच नाव बाजारात सांगीन हं."

"सांगा ना, घाबरते काय!" इव्हा हसली.

म्हणजे पावसाळ्यात बदनाम होणार ती इव्हा, तो नाही!

३ मे
सकाळीच इव्हाला खरं सांगितलं. तिने हातातली बाटली खाली ठेवली. मग — "माझा बळी देणार होतीस, रोझी? घरात बस. अंगणात पाय ठेवलास तर बघ!"

भरलेल्या सगळ्या बाटल्या तिने उपसल्या. मी खिडकीत. हात शिवशिवत होते.

९ मे
आज इव्हाने धण्यांचं अख्खं पोतं परत पाठवलं. कुबट वास म्हणे. मी निवडून आणलेले धणे! मी तोंड उघडलं.

"काय? बोल."

"काही नाही."

पोतं जाण्याआधी हळूच हुंगून पाहिले. कुबटच होते.

१० मे
दुपारी आडवी झाले. मसाल्याच्या ऐन हंगामात, मे महिन्यात! अंगणात कुटणं चालू, आणि मी पडून. मग उठूनच बसले — माझ्याशिवाय चालतंय, तर मी विकतेय कशाला? आणि त्या मेल्याने तर घाटकोपरभर सांगून ठेवलंय की धंदा घेतला! आता बाजारभर त्याचंच हसं होऊ दे.

उद्या : चंद्रप्रकाश सहीला आला की त्याला 'नाही' म्हणायचं काम इव्हाला देणे.