काकडीचा रस आणि एक खडा

३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलंय. डॉक्टर मॅडमनी रोज एक गोळी लिहून दिली. मी म्हटलं, एप्रिलात लेकीचं पहिलं बाळंतपण, आजोबा ठणठणीत पोचायला हवेत. त्या म्हणाल्या, म्हणूनच घ्या. साडू म्हणतो, त्या गोळीने पित्ताशयात खडे होतात. साडू विम्यात आहे, त्याला आतलं कळतं.

मी लाँड्रीचा बॉयलर सांभाळतो. थर साचायला नको असेल तर आत जाणारा मालच रोखायचा. गोळ्या बायकोला दिल्या, म्हटलं ठेव कपाटात. उद्यापासून डाएट.

४ फेब्रुवारी
सकाळी काकडीचा रस. दुपारी काही नाही. रात्री काकडी. चिडचिड अजिबात नाही. बायको उगाच समोर येते.

१९ फेब्रुवारी
पँट कमरेवर राहत नाही. मीही एका जागी राहत नाही, ड्यूटीभर बॉयलरभोवती घिरट्या. इस्त्रीवाल्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? रस हल्ली कडवट लागतो. कडू म्हणजे गुणकारी.

११ मार्च
कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरलं. मॅडम म्हणाल्या, गोळी लागू पडली. मी गालातल्या गालात हसलो. बायकोही हसली. साडूला फोन करून सगळं ऐकवलं, जावयाला रसाची कृती पाठवली.

२४ मार्च
उजव्या बरगडीखाली दुखतंय. चरबी वितळतेय, दुखणारच. बायको म्हणते, दाखवून या. लेकीकडे जायचं दोन तारखेचं विमान आहे. आता दाखवायला गेलो तर अडकलोच.

२९ मार्च, हॉस्पिटल
चरबी वितळत नव्हती. पित्ताशयात खडा आहे, सूजही आलीय. ऑपरेशन परवा. माझं विमान रद्द.

सर्जनना म्हटलं, गोळी न घेता ही गत, घेतली असती तर पोतंभर झाले असते. ते म्हणाले, उलट, ती गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत खडे कमी दिसतात. उपाशी राहून भराभर वजन उतरवलं की पित्त आत नुसतं पडून राहतं, त्याचे खडे होतात. साचलेल्या पाण्यातच थर बसतो, हे बॉयलरवाल्याला मी सांगायचं?

तेवढ्यात बायको म्हणाली, गोळी घेतलीय यांनी. मीच रोज कुटून यांच्या रसात घालत होते.

म्हणजे कोलेस्टेरॉल गोळीने उतरवलं. माझ्या एकट्याच्या कष्टाचं फळ तेवढं खडा.

२ एप्रिल
ऑपरेशन नीट झालं. बायकोला मीच बळेबळे विमानाने लेकीकडे धाडलं. जाताना म्हणाली, आता तरी ऐका. खूप वाईट वाटलं. उशाशी साडू आहे. तो म्हणतो, त्याने दुसऱ्याच कुठल्याशा गोळीबद्दल ऐकलं होतं.

५ एप्रिल
नातू झाला. लेकीने फोटो पाठवला. नाक माझंच आहे. माझ्याकडे पाठवायला काय होतं? सर्जननी बाटलीत घालून दिलेल्या खड्याचा फोटो पाठवला.

लेकीचं उत्तर आलं: बाबा, बाळ त्याच्या आजीवर गेलंय. हा मात्र अगदी तुमच्यावर.

साडूने गोळी आणि पाणी पुढे केलं. मुकाट्याने घेतली.