उजव्या हातावरचे ठिपके

माय, आज सकाळी इथल्या ऑफिसातल्या बाबूनं माझ्या अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या. ट्रेनिंग संपत आलं आहे. पुढच्या आठवड्यात परेड, शपथ, मग कुठल्या तरी सीमेवर नाहीतर जंगलात पाठवतील. त्याआधी प्रत्येक जवानाचं एक पुस्तक भरतात. बापाचं नाव, मायचं नाव, रक्ताचा गट, ओळखीच्या दोन खुणा. तुझ्या नावाआधी स्वर्गीय लिहा म्हटलं, तर त्यानं मान वर न करताच लिहिलं. मग माझी उजवी बाही वर सारली अन् खूश झाला. "ये बढ़िया है, दूर से दिखता है." लिहिलं, उजव्या मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग. मी विचारलं, ये किसलिए लगता है साब? म्हणाला, "भाई, कभी चेहरा न बचे, तो घरवालों को कुछ तो दिखाना पड़ेगा." रांगेतले पोरं हसले. मी पण हसलो. दुपारी भाताच्या रांगेत न जाता बराकीत बसून हे लिहून राहिलो.

तुला ती मंडईची जत्रा आठवते? सालेकशाकडची, दिवाळी झाल्यावरची. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला आकाशपाळण्यात बसायचं होतं, अन् तू दंडाला धरून मला त्या गोंदणाऱ्या म्हातारीपुढं बसवलंस. आपल्यात गोंदण बायांचं, पोरांना एखादा ठिपका पुरे. पण तू म्हणालीस, "याले पुरं मांड बाई. याच्या पायाले भिंगरी हाय, हा कोनत्या मुलखात मरन काई नेम नाही." मी भोकाड पसरून डावा हात पुढं केला. तू त्याच्यावर चापट मारलीस. "उजवा दे. ज्या हातानं माह्या तोंडात पानी घालशील, तो दे." म्हातारी सुया पुसत म्हणाली, "मोठा होऊन शिव्या देईन तुले." तू म्हणालीस, "देऊ दे. मेल्यावर लुगडं मातीत जाते, चांदी लोकं काढून घेतात. गोंदनच संग येते. त्याच्यावरूनच तं तिकडं मी वळखीन याले." मग सुजलेला हात घेऊन मी पाळण्यात बसलो, शेजारी तू, डोळे गच्च मिटून. खाली उतरल्यावर मला म्हणालीस, वरून आपलं घर दिसलं. खोटारडी.

पाणी मी त्याच हातानं घातलं. मोहफुलं पडत होती त्या दिवसांत तू तापानं गेलीस, मी तेरा वर्षांचा. त्यानंतर मी कुठं टिकलोच नाही. दहावी दुसऱ्या खेपेला निघाली. राईस मिलमध्ये कोंडा उचलला, हैदराबादेत सेंट्रिंगवर गेलो, तिथून पळालो. येत होतं ते फक्त पळणं. मग कोणीतरी सांगितलं, केंद्राच्या फोर्समध्ये पळण्याची नोकरी असते, पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत. रोज पहाटे रेल्वेलाईनच्या कडेनं पळायला लागलो. बाबा फाटकापाशी मोबाईलमधलं घड्याळ घेऊन उभे राहायचे, अन् मी पोचायच्या आधीच बटन दाबायचे. पोरगा रोज पास. मी ओरडायचो, "अजी, असं कायले करता?" ते म्हणायचे, "तू दिसला ना! दिसला म्हंजे आलाच."

पेपर निघाला, मैदान निघालं. अडलो मेडिकलला. डॉक्टरनं हात उलटा-पालटा करून पाहिला. "सैल्यूट वाला हाथ है. इस पर नहीं चलेगा." मी म्हटलं, सर, माँ ने कराया, बचपन में. म्हणाला, "बाएँ पर होता तो देखते." अन् कागदावर अनफिट. दुसऱ्या तपासणीसाठी अर्ज करता येत होता, पण हात साफ पाहिजे. मशीननं काढायला नागपूरला किती तरी महिने जातील म्हणाले. माझ्याकडं थोडे आठवडे होते.

घरी आलो. बाबांनी ऐकलं अन् विळा चुलीत घातला. तापला तसा बाहेर काढला, माझा हात धरला, अन् धरूनच राहिले. मग विळा खाली ठेवला. "माह्या हातानं नाही होत बाबू. तुह्या मायनं केलं ते." अन् अंगणात जाऊन पाठ करून बसले. मी डाव्या हातानं केलं, म्हणून डाग वाकडा आहे. बाहेरून आवाज आला, "झालं का?" झालं म्हटलं. "एखांदा राह्यला तं नाही?" नाही म्हटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. जखम भरल्यावर दुसऱ्या डॉक्टरनं बोट फिरवत विचारलं, कैसे जला? मी म्हटलं, चूल्हे पर. त्यानं फिट लिहिलं.

इथं तोच हात दिवसभर कपाळाशी न्यायचा. कातडं आवळलंय, मनगट सहज सरळ होत नाही. कवायतीचा उस्ताद मैदानभर माझ्या जिल्ह्याच्या नावानं ओरडतो, "ए गोंदिया! हाथ सीधा! सलामी दे रहा है कि मच्छर मार रहा है?" मी सरळ करतो. आता होतो.

ऑफिसातला बाबू म्हणाला ते डोक्यातून जात नाही. मी मेलो तर हे लोक डाग पाहून माझी ओळख पटवतील. तू काय पाहशील? म्हणून आज बॉलपेन घेतलं अन् डागावर पुन्हा मांडायला बसलो. मधली उभी रेघ आली. वरचं झाडासारखं पण आलं. बाजूचे ठिपके सात होते का नऊ, तिथं अडलो. बाबांना फोन लावला. म्हणाले, "तुह्या हातावर होते, तुले नाही मालूम तं माले कसे?" मग म्हणाले, "नऊ असतीन. नऊच होते." फाटकापाशी बटन दाबायचे, तसंच बोलले.

नऊ काढले. परेडच्या आधी धुवावे लागतील. हा कागद ट्रंकेत तळाशी ठेवतो.

एक सांगायचं राहिलं माय. विळा तापत होता तेवढ्या वेळात ठिपके मोजता आले असते. मी हात पाठीमागं धरून उभा होतो.